कोर्दोबाची विद्यापीठ सुधारणा चळवळ

कोर्दोबाची विद्यापीठ सुधारणा चळवळ ही आर्जेन्टिनातील कोर्दोबा येथील राष्ट्रीय विद्यापीठात १९१८ साली विद्यार्थ्यांनी उभारलेली चळवळ होय. स्पॅनिश भाषेत ती ‘रेफोर्मा उनिवेर्सितारिया’ या नावाने ओळखली जाते. एका रुग्णालयातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची निवासाची सोय बंद झाल्याच्या तक्रारीतून तिची सुरुवात झाली आणि अवघ्या सहा-सात महिन्यांत ‘विद्यापीठाचा कारभार कोणी पाहावा?’ या प्रश्नापर्यंत ती पोहोचली. विद्यापीठाची स्वायत्तता, कारभारात विद्यार्थ्यांचा मतदानाचा हक्क, अध्यापकांची स्पर्धेद्वारे निवड, वर्गातील ऐच्छिक उपस्थिती आणि समाजाशी विद्यापीठाचे नाते या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. पेरू, चिली, क्यूबा, मेक्सिको, उरुग्वे आदी देशांतील विद्यार्थी चळवळींनी पुढे याच मागण्या स्वीकारल्या. लॅटिन अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांच्या आजच्या रचनेवर या चळवळीची छाप आहे.

पार्श्वभूमी

कोर्दोबा विद्यापीठाची स्थापना १६१३ साली जेझुइट संघाने केली असे मानले जाते. आर्जेन्टिनातील ते सर्वांत जुने विद्यापीठ आहे. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या राज्यातून हद्दपार केल्यावर विद्यापीठाचा कारभार फ्रान्सिस्कन संघाकडे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते राष्ट्रीय सरकारच्या अखत्यारीत आले, तरी त्याचे धार्मिक वळण बदलले नाही. शहरातील प्रतिष्ठित कॅथलिक घराण्यांतील मुले तेथे शिकत, त्यांतीलच काही पुढे अध्यापक होत आणि त्याच घराण्यांतील वडीलधारी मंडळी विद्यापीठाच्या मंडळांवर बसत.

१८८५ साली संमत झालेल्या आणि माजी राष्ट्राध्यक्ष निकोलास आवेयानेदा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठांना आपले परिनियम स्वतः तयार करण्याची मुभा दिली होती. कायदा अगदी छोटा होता आणि त्याने बऱ्याच गोष्टी विद्यापीठांवर सोडल्या होत्या. कोर्दोबात या मोकळिकीचा उपयोग सत्ता ठरावीक मंडळींच्या हाती ठेवण्यासाठी झाला. प्रत्येक विद्याशाखेचा कारभार ‘अकादमी’ नावाच्या मंडळाकडे असे. त्याचे सदस्यत्व तहहयात असे आणि रिक्त जागा उरलेले सदस्यच भरत. या मंडळातील अनेक सदस्य अध्यापकही नव्हते. प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्या कित्येकांना अशा रीतीने कारभारात काहीच आवाज नव्हता; विद्यार्थ्यांचा तर प्रश्नच नव्हता.

याच काळात विद्यापीठाबाहेरचा आर्जेन्टिना मात्र झपाट्याने बदलत होता. इटली, स्पेन आणि युरोपच्या इतर भागांतून लाखो स्थलांतरित आले होते आणि त्यांची शिकलेली मुले वकिली, वैद्यक व अभियांत्रिकीकडे वळू लागली होती. १९१२ च्या साएन्स पेन्या कायद्याने पुरुषांना गुप्त, सक्तीचे आणि सार्वत्रिक मतदान मिळाले. त्या कायद्याखाली १९१६ मध्ये झालेल्या निवडणुकीत रॅडिकल पक्षाचे इपोलितो इरिगोयेन राष्ट्राध्यक्ष झाले आणि दीर्घकाळ चाललेली उच्चभ्रू घराण्यांची राजवट संपली. देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत देणाऱ्या तरुणाला आपल्या विद्याशाखेचा अधिष्ठाता कोण असावा याबद्दल मात्र बोलता येत नव्हते. चळवळीमागील असंतोषाचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

मागण्या पूर्णतः नव्या होत्या असेही नाही. बुएनोस आइरेस विद्यापीठात १९०३ ते १९०६ या काळात झालेल्या विद्यार्थी संपांमुळे तेथील तहहयात अकादम्यांचा कारभार संपुष्टात येऊन अध्यापकांनी निवडलेली मंडळे आली होती. १९०८ साली उरुग्वेच्या माँतेविदेओ शहरात दक्षिण अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यात विद्यापीठांच्या मंडळांवर विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व देण्याची मागणी झाली. कोर्दोबापर्यंत हे वारे दहा वर्षांनी पोहोचले. पण तेथील भिंती अधिक जाड असल्याने धक्काही मोठा बसला.

रुग्णालयापासून संपापर्यंत

१९१७ च्या अखेरीस विद्यापीठाशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय क्लिनिकल रुग्णालयातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची निवासी व्यवस्था बंद करण्यात आली. काटकसर आणि नीतिमत्ता अशी दोन कारणे त्यासाठी देण्यात आली. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व मोठे होते. तेथे राहण्या-जेवण्याची सोय होई आणि रुग्णांच्या सान्निध्यात प्रत्यक्ष वैद्यक शिकता येई. जवळपास त्याच सुमारास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर उपस्थितीचे नवे नियम लादण्यात आले. विद्यार्थ्यांनी निवेदने दिली. विद्यापीठाने ती विचारात घेतली नाहीत.

मार्च १९१८ मध्ये वैद्यक, कायदा आणि अभियांत्रिकी या तिन्ही विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘सुधारणा समिती’ स्थापन केली. तोवर प्रत्येक विद्याशाखेचे विद्यार्थी आपापल्या अडचणी घेऊन स्वतंत्रपणे जात. एकत्र आल्यावर आपल्या तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांवर निर्णय घेणारी माणसे एकच आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. मागणी साहजिकच रुग्णालयाच्या खोल्यांवरून विद्यापीठाच्या परिनियमांवर आली. ३१ मार्च रोजी शहरातील रिवेरा इन्दार्ते नाट्यगृहात झालेल्या सभेत सार्वत्रिक संपाची घोषणा झाली आणि नव्या शैक्षणिक वर्षाचे वर्ग भरलेच नाहीत. २ एप्रिल रोजी विद्यापीठाच्या मंडळाने विद्यापीठच बंद केले. संप मोडण्यासाठी केलेल्या या उपायाने प्रकरण थेट राजधानीत नेले. ११ एप्रिल रोजी बुएनोस आइरेस येथे आर्जेन्टिना विद्यार्थी महासंघाची स्थापना झाली आणि कोर्दोबाच्या प्रश्नाला देशव्यापी पाठबळ मिळाले.

विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे हस्तक्षेपाची मागणी केली. इरिगोयेन यांनी ती मान्य करून राष्ट्राचे महाधिवक्ता होसे निकोलास मातिएन्सो यांना प्रशासक म्हणून कोर्दोबाला पाठवले. मातिएन्सो यांनी कारभाराची पाहणी केली, विद्यार्थ्यांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे मानले आणि परिनियम बदलले. तहहयात पदे रद्द झाली आणि अधिष्ठाते, मंडळे व कुलगुरू निवडण्याचा अधिकार सर्व अध्यापकांना मिळाला. विद्यार्थ्यांना मत मिळाले नाही, तरी बहुतेकांना आपण जिंकलो असे वाटले. मे महिन्यात कोर्दोबा विद्यार्थी संघाची स्थापना झाली. एन्रिके बारोस, ओरासियो वाल्देस आणि इस्माएल बोर्दाबेएरे हे अनुक्रमे वैद्यक, कायदा आणि अभियांत्रिकी या विद्याशाखांतील तीन विद्यार्थी तिचे नेतृत्व करत होते. त्यांचे मुखपत्र ‘ला गासेता उनिवेर्सितारिया’ याच काळात निघू लागले.

१५ जूनची निवडणूक

कुलगुरूपदाच्या निवडणुकीत विद्यार्थ्यांचा पाठिंबा कायद्याचे प्राध्यापक एन्रिके मार्तिनेस पास यांना होता. प्रस्थापितांचे उमेदवार अंतोनियो नोरेस होते आणि अलेहान्द्रो सेन्तेनो हे तिसरे उमेदवार होते. नोरेस ‘कोर्दा फ्रातेस’ या मंडळीतील एक होते. कोर्दा फ्रातेस हा पक्ष नव्हता आणि नोंदणीकृत संस्थाही नव्हती. कोर्दोबातील मोजक्या वजनदार कॅथलिक गृहस्थांचा तो एक स्नेहीवर्ग होता. या मंडळींचे लागेबांधे परस्परविरोधी राजकीय पक्षांत पसरलेले असल्याने सरकार कोणाचेही आले, तरी त्यांचा शब्द चाले, अशी त्यांची ख्याती होती.

१५ जून १९१८ रोजी विद्यापीठाच्या सभागृहात मतदान झाले. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणालाच आवश्यक बहुमत मिळाले नाही. तिसऱ्या फेरीत सेन्तेनो यांच्याकडील मते वळली आणि नोरेस विजयी झाले. निकाल जाहीर होताच बाहेर जमलेले विद्यार्थी सभागृहात घुसले. त्यांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या, सामानाची मोडतोड केली, भिंतींवरील जुन्या धर्मगुरूंची व अध्यापकांची चित्रे खाली ओढली आणि तिथल्या तिथे नवा सार्वत्रिक संप जाहीर केला. पोलीस बोलावण्यात आले.

चळवळीच्या इतिहासात हा दिवस निर्णायक मानला जातो आणि तसे मानण्यास सबळ कारण आहे. निवडणूक नियमानुसार झाली होती. ज्या परिनियमांसाठी विद्यार्थ्यांनी संप केला, त्याच परिनियमांखाली अध्यापकांनी मतदान केले होते. मतदानात गैरप्रकार झाला असा विद्यार्थ्यांच्या आक्षेपाचा गाभा नव्हता. ज्या अध्यापकवर्गाची नेमणूकच जुन्या व्यवस्थेने केली आहे, तो मोकळेपणाने मत देऊ शकत नाही आणि म्हणून केवळ अध्यापकांना मत देऊन विद्यापीठ लोकशाहीवादी होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना यात बेबंदशाही दिसली. निकाल पटला नाही म्हणून सभागृह फोडणाऱ्यांनी लोकशाहीच्या गोष्टी करू नयेत, असा त्यांचा प्रतिवाद होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र त्या दुपारनंतर चळवळीची मागणी बदलली हे निश्चित. प्रस्थापितांच्या जागी चांगली माणसे आणणे एवढेच आता पुरेसे राहिले नाही. विद्यार्थ्यांना स्वतःचे मत हवे होते.

जाहीरनामा

२१ जून १९१८ रोजी ‘ला गासेता उनिवेर्सितारिया’मध्ये कोर्दोबाच्या तरुणांनी दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र माणसांना उद्देशून लिहिलेले एक निवेदन प्रसिद्ध झाले. ‘मानिफिएस्तो लिमिनार’, म्हणजे प्रारंभीचा जाहीरनामा, या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. त्याखाली विद्यार्थी संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. लेखन मात्र देओदोरो रोका (१८९० – १९४२) या तरुण वकिलाचे होते. रोका त्या वेळी विद्यार्थी नव्हते. काही वर्षांपूर्वी त्यांनी याच विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती आणि जाहीरनाम्यावर त्यांची सही नाही.

जाहीरनाम्यात मागण्यांची यादी फारशी नाही. तो १५ जूनच्या घटनांचे समर्थन करतो आणि त्यामागील भूमिका मांडतो. शिकवण्याचा अधिकार पदावरून किंवा घराण्यावरून येत नाही, तर शिकणाऱ्याच्या मनाशी जुळलेल्या नात्यातून येतो, हा त्याचा मध्यवर्ती विचार आहे. आज्ञेवर आधारलेली अध्यापनपद्धती शास्त्राला वंध्य करते, असे तो सांगतो आणि विद्यापीठावर विद्यार्थ्यांचे सार्वभौमत्व असल्याचा दावा करतो. त्याची भाषा आवेशपूर्ण, प्रसंगी अलंकारांच्या भाराने वाकलेली आहे. आवाहन आर्जेन्टिनापुरते न ठेवता संपूर्ण खंडाला केलेले आहे, ही त्याची लक्षणीय बाब होय. पहिल्या महायुद्धाने युरोपविषयीचा आदर खचला होता आणि मेक्सिको व रशियातील क्रांत्यांच्या वार्ता ताज्या होत्या. अमेरिकेने आता आपला मार्ग आपण शोधावा, ही त्या पिढीची भावना त्यात उमटली आहे.

जाहीरनामा ज्यांच्याविषयी मौन बाळगतो, त्यांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. शिक्षणशुल्क रद्द करण्याची मागणी त्यात नाही. स्त्रियांचा उल्लेख नाही आणि शीर्षकातील संबोधनही पुरुषवाचक आहे. त्या वेळी आर्जेन्टिनातील स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता आणि विद्यापीठात त्यांची संख्या नगण्य होती.

संघर्षाचे दुसरे पर्व

जून ते सप्टेंबर या काळात कोर्दोबा शहर दोन तटांत विभागले गेले. विद्यार्थ्यांच्या बाजूने स्थानिक कामगार संघटना, समाजवादी नेते अल्फ्रेदो पालासिओस आणि ‘ला वोस देल इन्तेरियोर’ हे दैनिक उभे राहिले. विरोधात कॅथलिक विद्यार्थ्यांची स्वतंत्र समिती, ‘लोस प्रिन्सिपियोस’ हे चर्चचे दैनिक आणि बिशप सेनोन बुस्तोस होते. बिशपांनी पाळकीय पत्र काढून चळवळीचा निषेध केला. विद्यार्थ्यांच्या मोर्चांत धर्मसत्तेविरुद्धच्या घोषणा वाढत गेल्या. ऑगस्टमध्ये जुन्या पठडीचे कायद्याचे प्राध्यापक राफाएल गार्सिया यांचा पुतळा रात्रीच्या वेळी पाडण्यात आला. या घटनेने चळवळीचे काही सहानुभूतीदार दुरावले.

२० ते ३१ जुलै या काळात आर्जेन्टिनातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पहिली राष्ट्रीय परिषद कोर्दोबातच भरली. चळवळीला वैचारिक शिस्त आली ती येथे. देशातील पाचही विद्यापीठांचे, म्हणजे कोर्दोबा, बुएनोस आइरेस, ला प्लाता, सान्ता फे आणि तुकुमान येथील प्रतिनिधी तिला उपस्थित होते. अध्यापक, पदवीधर आणि विद्यार्थी या तिन्ही घटकांनी विद्यापीठाचा कारभार मिळून पाहावा, हे तत्त्व परिषदेने मांडले. वर्गातील उपस्थिती ऐच्छिक असावी आणि एकाच विषयाचे समांतर अध्यापन करण्याची मुभा असावी, असेही ठरले. वरवर पाहता ऐच्छिक उपस्थिती ही आळशी विद्यार्थ्यांची सोय वाटू शकते. प्रत्यक्षात नोकरी करून शिकणाऱ्यांना ती आवश्यक होती आणि नीरस प्राध्यापकावर अंकुश ठेवण्याचे ते एक साधनही होते. विद्यार्थ्यांना दुसऱ्या अध्यापकाकडे जाता आले, तर रिकामा वर्गच त्याचे मूल्यमापन करणार होता.

त्रिघटक सहशासनाची ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. येथील विद्यापीठांच्या अधिसभेतही अध्यापक आणि नोंदणीकृत पदवीधर यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. फरक असा की, कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्यापुरती जागा नको होती. कुलगुरू आणि अधिष्ठाते निवडणाऱ्या सभेतच त्यांना बरोबरीचे मत हवे होते.

ऑगस्टच्या सुरुवातीस नोरेस यांनी राजीनामा दिला. सरकारने तेलेमाको सुसिनी यांना दुसरे प्रशासक नेमले, परंतु त्यांचे आगमन लांबत गेले. विद्यार्थ्यांचा धीर सुटला. ९ सप्टेंबर रोजी त्यांनी विद्यापीठाची इमारत ताब्यात घेतली आणि कारभार आपण चालवत असल्याचे घोषित केले. बारोस, वाल्देस आणि बोर्दाबेएरे यांना आपापल्या विद्याशाखांचे हंगामी अधिष्ठाते करण्यात आले, नवे अध्यापक नेमले गेले आणि परीक्षा मंडळेही बसवण्यात आली. विद्यार्थ्यांचे हे विद्यापीठ एक दिवसही टिकले नाही. लष्कराच्या तुकडीने इमारत रिकामी केली आणि ८३ विद्यार्थ्यांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. मात्र या कृतीचा अपेक्षित परिणाम झाला. न्याय व शिक्षण मंत्री होसे सालिनास काही दिवसांतच स्वतः प्रशासक म्हणून कोर्दोबाला आले.

सालिनास यांनी जुन्या अध्यापकांचे राजीनामे स्वीकारले, रिक्त जागांवर सुधारणावादी अध्यापक नेमले, रुग्णालयातील निवासी व्यवस्था पुन्हा सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये नवे परिनियम लागू केले. विद्याशाखांची मंडळे निवडणाऱ्या सभेत पूर्णवेळ प्राध्यापक, साहाय्यक प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना समान वाटा मिळाला. विद्यार्थ्यांच्या मागणीप्रमाणे पदवीधरांना मात्र या सूत्रात स्थान नव्हते. विजयानंतरही कटुता शमली नाही. २६ ऑक्टोबर रोजी एन्रिके बारोस यांच्यावर त्याच क्लिनिकल रुग्णालयात सेवेवर असताना प्राणघातक हल्ला झाला आणि त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली.

स्वायत्ततेचा पेच

चळवळीने स्वायत्ततेची मागणी केली. परंतु ती मिळवण्यासाठी दोनदा राष्ट्राध्यक्षांना प्रशासक पाठवण्याची विनंती केली. अभ्यासकांनी या विसंगतीकडे वारंवार लक्ष वेधले आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूने असे सांगता येते की, १८८५ च्या कायद्याखालील जुनी स्वायत्तता ही प्रत्यक्षात काही घराण्यांची स्वायत्तता होती आणि ती आतून मोडणे अशक्य होते. इरिगोयेन यांचाही यात राजकीय लाभ होता, कारण कोर्दोबातील ज्या वर्गाची विद्यापीठावर पकड होती, त्यातील अनेकजण त्यांच्या सरकारचे विरोधक होते. परंतु एका राष्ट्राध्यक्षाने वरून दिलेली सुधारणा दुसरा राष्ट्राध्यक्ष त्याच मार्गाने काढूनही घेऊ शकतो. पुढील पन्नास वर्षांत नेमके हेच घडत राहिले.

याची पहिली प्रचिती इरिगोयेन यांच्याच पक्षाच्या राजवटीत आली. मार्सेलो दे आल्वेआर राष्ट्राध्यक्ष असताना (१९२२ – १९२८) सान्ता फे येथील लितोराल विद्यापीठात आणि त्यानंतर १९२३ मध्ये कोर्दोबा विद्यापीठात प्रशासक नेमून विद्यार्थ्यांचा वाटा कमी करण्यात आला. सप्टेंबर १९३० मध्ये जनरल होसे फेलिक्स उरिबुरु यांनी इरिगोयेन यांची सत्ता उलथवली आणि विद्यापीठांतून सुधारणावाद्यांची हकालपट्टी झाली.

हुआन पेरोन यांची राजवट हा या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. १९४७ च्या विद्यापीठ कायद्याने कुलगुरू नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे गेला आणि विद्यार्थी प्रतिनिधींचे मत काढून घेतले गेले. अनेक अध्यापकांना पदे सोडावी लागली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेर्नार्दो ओसाय यांना तर लष्करी सरकारने १९४३ मध्येच बडतर्फ केले होते. १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते खासगी संस्थेत संशोधन करत होते. विद्यार्थी महासंघ पेरोन यांचा कडवा विरोधक होता. परंतु २२ नोव्हेंबर १९४९ रोजी विद्यापीठीय शिक्षणशुल्क रद्द झाले ते पेरोन यांच्याच सरकारच्या आदेशाने. १९१८ च्या जाहीरनाम्यात नसलेली ही गोष्ट स्वायत्तता मोडणाऱ्या सरकारने दिली आणि त्यानंतर विद्यार्थिसंख्या मोठ्या प्रमाणात वाढली. कामगार कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने विद्यापीठाचे दार सहशासनाने उघडले की शुल्कमाफीने, यावर आर्जेन्टिनात आजही वाद होतो. आज मात्र दोन्ही गोष्टी एकाच वारशाचा भाग म्हणून सांगितल्या जातात.

१९५५ मध्ये पेरोन पदच्युत झाल्यानंतरची सुमारे दहा वर्षे सुधारणेच्या तत्त्वांचा बहराचा काळ समजली जातात. अध्यापक, पदवीधर आणि विद्यार्थी यांचे सहशासन या काळात प्रत्यक्षात आले. बुएनोस आइरेस विद्यापीठात रिसिएरी फ्रोन्दिसी यांच्या कुलगुरूपदाच्या काळात संशोधनाला चालना मिळाली आणि १९५८ साली स्वस्त पुस्तके काढणारी ‘एउदेबा’ ही विद्यापीठाची प्रकाशनसंस्था सुरू झाली. २९ जुलै १९६६ च्या रात्री जनरल हुआन कार्लोस ओंगानिया यांच्या लष्करी सरकारच्या पोलिसांनी याच विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत शिरून अध्यापक व विद्यार्थ्यांना लाठ्यांनी मारहाण केली. ‘लांब लाठ्यांची रात्र’ या नावाने ती ओळखली जाते. त्यानंतर शेकडो अध्यापकांनी राजीनामे दिले आणि त्यांतील अनेक संशोधक देश सोडून गेले.

खंडभर प्रसार

कोर्दोबाच्या जाहीरनाम्याचा सर्वांत खोल परिणाम पेरूमध्ये झाला. १९१९ साली लिमा येथील सान मार्कोस विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी संप करून सरकारकडून काही सुधारणा मान्य करून घेतल्या. विद्यार्थी नेते विक्तोर राउल आया दे ला तोर्रे यांच्या पुढाकाराने कुस्को येथे १९२० साली राष्ट्रीय विद्यार्थी परिषद भरली आणि तिच्या ठरावानुसार १९२१ मध्ये कामगारांसाठी ‘लोकविद्यापीठे’ सुरू झाली. विद्यार्थीच तेथे सायंकाळी शिकवत. विचारवंत होसे कार्लोस मारियातेगी यांनीही तेथे व्याख्याने दिली आणि १९२८ सालच्या आपल्या ग्रंथात विद्यापीठ सुधारणेची चिकित्सा केली. ही चळवळ मध्यमवर्गाची असून व्यापक सामाजिक परिवर्तनाशी जोडली गेली नाही, तर ती अपुरी राहील, असे त्यांचे मत होते. आया दे ला तोर्रे यांना १९२३ मध्ये देशाबाहेर जावे लागले. मेक्सिकोत त्यांनी स्थापन केलेला आप्रा हा पक्ष पुढे पेरूच्या राजकारणातील प्रमुख शक्ती ठरला.

क्यूबात हुलियो अंतोनियो मेया यांच्या नेतृत्वाखाली १९२३ साली विद्यार्थ्यांची राष्ट्रीय परिषद झाली आणि होसे मार्ती यांच्या नावाने कामगारांचे लोकविद्यापीठ निघाले. हुकूमशहा मचादोच्या विरोधात उभे राहिलेल्या मेया यांची १९२९ च्या जानेवारीत मेक्सिकोत हत्या झाली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या संपानंतर मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाला स्वायत्तता मिळाली. उरुग्वेत त्रिघटक सहशासनाला कायद्याचे पाठबळ मिळण्यास १९५८ साल उजाडले. ब्राझीलमध्ये मंडळांत एक-तृतीयांश जागा मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांनी १९६२ साली देशव्यापी संप केला. या सर्व ठिकाणी विद्यार्थी चळवळीने विद्यापीठाच्या प्रश्नातून राष्ट्रीय राजकारणात प्रवेश केल्याचे दिसते. त्यातून नेते घडले, तसे काही ठिकाणी विद्यापीठे पक्षीय लढायांची मैदानेही झाली.

नंतरचा काळ

कोर्दोबातील क्लिनिकल रुग्णालयाभोवतीची वस्ती विद्यार्थ्यांच्या खोल्या व खानावळींसाठी प्रसिद्ध होती. २९ मे १९६९ रोजी ओंगानिया सरकारविरुद्ध कामगार आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘कोर्दोबासो’ या उठावात याच वस्तीत विद्यार्थ्यांनी रात्रभर अडथळे उभारून सैन्याला रोखून धरले होते. १९१८ मध्ये कामगारांनी विद्यार्थ्यांना पाठिंबा दिला होता. १९६९ मध्ये दोघे एकत्र रस्त्यावर उतरले. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत मात्र विद्यार्थी संघटनांवर बंदी आली आणि बेपत्ता केल्या गेलेल्या व्यक्तींत विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती.

१९८३ साली लोकशाही परत आल्यानंतर राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांच्या सरकारने १९१८ च्या तत्त्वांवर आधारित कारभार विद्यापीठांत पुन्हा सुरू केला. १९९४ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय विद्यापीठांची स्वायत्तता आणि सार्वजनिक शिक्षणाची निःशुल्कता यांना राज्यघटनेत स्थान दिले. त्यामुळे १९१८ प्रमाणे एका आदेशाने प्रशासक पाठवण्याचा मार्ग सरकारला राहिला नाही. पैशाचा मार्ग मात्र राहिला. राष्ट्रीय विद्यापीठे जवळजवळ संपूर्णपणे सरकारी अनुदानावर चालतात आणि तीव्र चलनवाढीच्या काळात अनुदान वाढवले नाही, तरी ते आपोआप घटते. हावियेर मिलेई यांच्या सरकारच्या काळात नेमक्या याच मुद्द्यावरून २३ एप्रिल २०२४ रोजी बुएनोस आइरेस, कोर्दोबा आणि देशातील इतर शहरांत प्रचंड मोर्चे निघाले. त्यांत विद्यार्थ्यांबरोबर अध्यापक, कर्मचारी, कामगार संघटना आणि माजी विद्यार्थीही सहभागी झाले होते.